गाडी ऑइल खाते? ब्लॉक-पिस्टन टाकण्याआधी हे तपासा (१०० ते १५० सीसी, एअर-कूल्ड)

टॅपेट

सायलेन्सरमधून निळा धूर दिसला की गॅरेजवर पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "बोअर गेला, ब्लॉक-पिस्टन टाकू." बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते सिलिंडरचं भोक. पुष्कळदा "बोअर गेला" हे खरंही असतं. पण दोष हेडमध्ये, ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीत किंवा बाहेरच्या एखाद्या ओ-रिंगमध्येही असू शकतो. तसं असलं तर हजारो रुपये खर्चूनही गाडी ऑइल खातच राहते. म्हणून हा धागा. उदाहरणं स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनाची देतो (५० मिमी बोअर, ४९.५ मिमी स्ट्रोक, ९७.२ सीसी), कारण या गाड्या गावोगाव आहेत. तत्त्व बाकीच्या एअर-कूल्ड सिंगलनाही लागू पडतं.

सगळ्यात आधी मोजा. "खूप खाते" यातून काहीच कळत नाही. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर घ्या, इंजिन तीन-चार मिनिटं आयडलवर चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक पाहा. या इंजिनात डिपस्टिक पुसून नुसती टेकवायची असते, आटे फिरवायचे नाहीत. आटे बसवून पाहिलं तर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि ऑइल कमी झालेलं लक्षातच येत नाही. वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा. ५०० किमीनंतर त्याच जागी, त्याच पद्धतीने, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ५० मिलीच्या सिरिंजने मोजून पुन्हा वरच्या खुणेपर्यंत भरा. जेवढं लागलं त्याची दुप्पट म्हणजे हजार किमीचा खप.

माझं मत: हजार किमीला १०० मिलीच्या आत असेल तर इंजिन उघडू नका, दर आठवड्याला लेव्हल बघत राहा. १०० ते २०० मध्ये असेल तर कारण शोधा. २०० च्या वर असेल तर उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. इंजिनात ऑइलच मुळात पाऊण ते एक लिटर असतं. २०० च्या दराने ३००० किमीत ६०० मिली उडतं. म्हणजे सर्व्हिसच्या तारखेपर्यंत पंपाला ओढायला ऑइल उरत नाही आणि पहिला बळी कॅमशाफ्टचा जातो.

सांगलीकर_पाना

उपयुक्त धागा. बाहेरच्या गळतीबद्दल भर घालतो, कारण धूर नसतानाही लेव्हल खाली जाते तेव्हा दोष बहुधा तिथेच असतो.

इंजिन डिझेल आणि ब्रशने घासून स्वच्छ करा, पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग सगळ्या जोडांवर साधी टाल्कम पावडर उडवा आणि १५-२० किमी फिरवून आणा. जिथे पावडर ओली झाली ती गळतीची जागा. एक लक्षात ठेवा: वाऱ्याने ऑइल मागे आणि खाली पसरतं, म्हणून सगळ्यात जास्त चिकट भाग कुठे आहे ते पाहू नका. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला बिंदू शोधा.

नेहमीच्या जागा: टॅपेटच्या झाकणांच्या ओ-रिंगा, हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग (विशेषतः चेन ज्या बाजूने वर जाते तिथे), क्लच कव्हरचं पॅकिंग, गिअर शाफ्टचं सील, पुढच्या स्प्रॉकेटमागचं सील आणि ड्रेन बोल्टचा वॉशर. स्प्रॉकेट कव्हरखाली काळं दिसलं की लगेच सीलला दोष देऊ नका. चेनचं ग्रीस घट्ट, चिकट आणि मातीने भरलेलं असतं. इंजिन ऑइल पातळ असतं आणि कव्हरच्या तळातून थेंब सोडतं.

ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाका. जुना वॉशर गळतो म्हणून बोल्ट जोर लावून आवळला जातो आणि ॲल्युमिनिअमच्या केसचे आटे जातात.

घाटवाट

जास्त भरलेलं ऑइल हेही "ऑइल खाण्याचं" मोठं कारण आहे, आणि ते फार दुर्लक्षित राहतं. १०० सीसी गाड्यांसाठी ९०० मिलीची बाटली मिळते. पूर्ण उघडलेल्या, कोरड्या इंजिनाला लागणारं ऑइल आणि नुसतं ड्रेन करून बदलताना लागणारं ऑइल यांत १०० ते २०० मिलीचा फरक असतो, कारण जुनं ऑइल केसच्या खाचांत, सेंट्रिफ्युगल फिल्टरमध्ये आणि हेडमध्ये राहतं. तरीही बाटली अख्खी ओतली जाते. मग क्रँक ते ऑइल घुसळतो, फेस आणि वाफ ब्रीदरच्या नळीतून एअर बॉक्समध्ये जाते, तिथून कार्ब्युरेटरवाटे जळते. पहिले काही दिवस लेव्हल भराभर उतरते आणि वरच्या खुणेजवळ येऊन थांबते. हा नमुना दिसला तर इंजिनाला हात लावू नका, पुढच्या वेळी मोजून भरा.

ब्रीदरची नळी चिमटलेली किंवा चिखलाने बुजलेली असेल तर उलटा प्रकार होतो. केसमधला दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही ऑइल बाहेर येतं. एअर फिल्टर काढलाच आहे तर बॉक्सचा तळ बोटाने पुसून पाहा. तिथे ऑइलचं डबकं असेल तर एक तर लेव्हल जास्त आहे, नाहीतर पिस्टनच्या रिंगांमधून गॅस खाली जातोय.

लातूर_१००सीसी

माझ्या गाडीला सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर निळसर धूर येतो, अर्ध्या मिनिटात जातो. दिवसभर काही नाही. मेकॅनिकने बोअर सांगितलाय. हजार किमीला साधारण १२० मिली लागतं. काय करावं?

टॅपेट

@लातूर_१००सीसी, नुसत्या वर्णनावरून तरी वॉल्व्ह सील वाटतात. रात्रभर हेडमधलं ऑइल झिजलेल्या सीलमधून वॉल्व्हच्या दांड्याच्या कडेने खाली झिरपतं आणि सकाळी पहिल्या काही फेऱ्यांत जळतं. रिंगा गेलेल्या गाडीचा धूर असा अर्ध्या मिनिटात आवरत नाही. थ्रॉटल दिला की वाढतो, चढावर, डबलसीट, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये दिसतो.

धूर दिसण्याची तिसरी वेळ उताराची. कसारा किंवा खंबाटकी उतरताना थ्रॉटल बंद ठेवून दोन-तीन किमी इंजिन ब्रेकवर या, मग खाली थ्रॉटल उघडा आणि मागच्याला बघायला सांगा. एक मोठा निळा लोट येऊन लगेच साफ झाला तर इनटेक वॉल्व्हचा गाइड (दांडा ज्यात सरकतो ती नळी) किंवा सील. थ्रॉटल बंद असताना इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते, ती गाइडमधून ऑइल खेचते.

लेथ_इचलकरंजी

उताराच्या परीक्षेबद्दल थोडी दुरुस्ती. तीच ओढ पिस्टनच्या वरही असते, त्यामुळे ऑइल रिंग थकलेली असेल तरी उतारावरून आल्यावर लोट येतो. फरक नंतर कळतो: गाइडचा धूर दोन-तीन सेकंदांत संपतो, रिंगांचा पुढच्या चढावरही चालू राहतो. एकाच परीक्षेवर निकाल देऊ नये.

कॉम्प्रेशन तपासताना लोक हमखास फसतात ती गोष्ट अशी. गेज लावा, चोक न लावता थ्रॉटल पूर्ण उघडा, इंजिन गरम असताना काटा वाढायचा थांबेपर्यंत किका मारा. मग प्लगच्या भोकातून ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चांगलाच वर गेला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत, जवळपास तेवढाच राहिला तर गळती वॉल्व्हमधून आहे. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण कॉम्प्रेशन धरतात वरच्या दोन रिंगा. ऑइल आवरते तिसरी. तिसरी रिंग कार्बनने खाचेत अडकली असेल तर कॉम्प्रेशन अगदी नव्या गाडीसारखं येतं आणि तरीही गाडी ऑइल पिते. म्हणून "कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे बोअरचा प्रश्न नाही, हेडच करा" हा निष्कर्षही तितकाच धोक्याचा.

हेड उतरवल्यावर ते खरं बोलतं. पिस्टनच्या माथ्यावर सगळीकडे सारखा कोरडा काळा थर असायला हवा. कडेने तीन-चार मिमीचा पट्टा धुऊन काढल्यासारखा चकचकीत दिसला तर ऑइल रिंगांमधून वर येतंय. माथा कोरडा आहे पण इनटेक वॉल्व्हच्या पाठीवर डांबरासारखा जाड थर आहे, तर ते इनटेक गाइडमधून येतंय. एक्झॉस्टचं पोर्ट दांड्याभोवती ओलं असेल तर त्या बाजूचा गाइड.

सांगलीकर_पाना

प्लगही बघा. ऑइलने खराब झालेला प्लग ओला, चकचकीत काळा असतो आणि बोटाला तेलकट लागतो. कोरडी, पुसली की जाणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त येतंय, त्याचा ऑइलशी संबंध नाही. त्या गाडीचा धूरही काळा असतो. आणि थंडीत सकाळी दिसणारी पांढरी वाफ सोडून द्या.

मराठवाडी_मोटार

एवढा खटाटोप कशाला? १०डब्ल्यू-३० काढून २०डब्ल्यू-५० टाका. खप निम्म्यावर येतो, आमच्याकडे सगळे तेच करतात.

टॅपेट

@मराठवाडी_मोटार, खप थोडा कमी होतो हे खरं आहे, झिजलेल्या फटीतून जाड ऑइल कमी जातं. पण त्याने झीज भरून निघत नाही. या इंजिनाच्या ऑइलच्या वाटा आणि पंप पातळ ऑइल धरून केलेले आहेत. डिसेंबरच्या पहाटे २०डब्ल्यू-५० कॅमपर्यंत पोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कॅम आणि रॉकर कोरडे घासतात. शिवाय थंडपणी क्लच चिकटतो, मायलेज उतरतं. गाडी विकायची नसेल आणि काम दोन महिने पुढे ढकलायचंच असेल तर एक पायरी वर, २०डब्ल्यू-४० पर्यंत ठीक. ज्या इंजिनाला मुळातच २०डब्ल्यू-५० सांगितलंय तिथे प्रश्नच नाही.

कोणतंही घ्या, बाटलीवर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये चालणाऱ्या क्लचला योग्य असल्याची खूण) हवं. कारचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून टाकू नका. "एनर्जी कन्झर्व्हिंग" किंवा "रिसोर्स कन्झर्व्हिंग" लिहिलेल्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि ऑइलमध्येच चालणारा आपला क्लच त्याने घसरतो.

मराठवाडी_मोटार

पटलं. मग आणखी एक विचारतो. आमच्या भागात मुरमाच्या रस्त्यांवर ३०-४० हजार किमीतच बोअर जातो, पुण्यातल्या गाड्या लाखभर चालतात. ऑइल तेच, मेकॅनिक तसेच.

लेथ_इचलकरंजी

धूळ. लवकर गेलेल्या ब्लॉकमध्ये उभ्या बारीक रेघा असतात, वरच्या रिंगचा क्रोम निस्तेज करडा पडलेला असतो. एअर फिल्टरच्या बॉक्सचं झाकण नीट बसत नसेल, किंवा बॉक्स आणि कार्ब्युरेटरमधल्या रबरी नळीला चीर असेल, तर फिल्टर नवा असून उपयोग नाही. चीर हाताने नळी वाकवल्याशिवाय दिसत नाही. फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर त्याला कॉम्प्रेसरची हवा मारू नका. धूळ धरणारं तेलच उडून जातं, आणि कागद फाटतो. तो बदलायचाच असतो. जुन्या गाड्यांतला फोम मात्र रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळून लावायचा. मुरमाच्या रस्त्यावर कंपनीने दिलेल्या अंतराच्या निम्म्यात फिल्टर बदला, ब्लॉकपेक्षा स्वस्त पडतो.

बुलेटप्रेमी_नगर

जुन्या कास्ट आयर्न बुलेटवाल्यांसाठी थोडं वेगळं. तिथे ऑइलचा साठा क्रँककेसच्याच एका वेगळ्या कप्प्यात असतो. गाडी आठवडाभर उभी राहिली की ते पंपातून झिरपून क्रँकच्या बाजूला उतरतं. डिपस्टिक कोरडी दिसते, माणूस अर्धा लिटर ओततो, आणि चालू केल्यावर धुराचा ढग आणि ब्रीदरमधून ऑइलच ऑइल. ऑइल कुठेही गेलेलं नसतं. अशी गाडी आधी पाच मिनिटं चालवा, पंप ते परत कप्प्यात आणतो, मग लेव्हल बघा.

नाशिक_कार्ब

उलटा धोकाही सांगून ठेवतो: लेव्हल अजिबात उतरत नाही किंवा वाढते. कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल गळत असेल आणि रात्री पेट्रोलचा कॉक उघडा राहिला, तर पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये आणि रिंगांवरून केसमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येतो, ऑइल पाण्यासारखं ओघळतं. खप झाकला जातो आणि बेअरिंगं जातात. वास आला तर नीडल बदला आणि ऑइल त्याच दिवशी बदला, एक फेरीही मारू नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या आहेत, तिथे हा प्रश्न नाही. पण त्यांनी ऑइलचा धूर जास्त दिवस सहन करू नये. ऑइलमधला फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, ऑक्सिजन सेन्सरवर थर बसतो, आणि ते भाग रिंगांपेक्षा कितीतरी महाग आहेत.

कोकणी_सायलेन्सर

मला वेगळी अडचण आहे. ब्लॉक-पिस्टन किट नवीन टाकून ८०० किमी झाले. गॅरेजचं नाव घेत नाही. कॉम्प्रेशन उत्तम, पिकअप उत्तम, पण धूर आधीसारखाच, हजारला ३०० मिली. किटच खराब निघालं म्हणायचं का?

लेथ_इचलकरंजी

@कोकणी_सायलेन्सर, किटवर यायच्या आधी जोडणी तपासायला हवी. कॉम्प्रेशन उत्तम आणि खप जबर, या जोडीची मला माहीत असलेली कारणं अशी.

दुसरी रिंग उलटी बसली आहे. तिची बाहेरची कड तिरपी असते. सुलट बसली तर खाली जाताना ऑइल खरवडून नेते, उलटी बसली तर तेच ऑइल वर ढकलते, आणि कॉम्प्रेशनमध्ये फारसा फरक दिसत नाही. रिंगच्या टोकाजवळ बारीक अक्षर असतं, ते वरच्या बाजूला हवं. वरची आणि दुसरी रिंग आपसात बदललेली नाही ना, तेही पाहा. क्रोमची चकाकी असते ती वरची.

तीन तुकड्यांच्या ऑइल रिंगमध्ये मधली लाटांची पट्टी असते. तिची दोन टोकं एकमेकांना समोरासमोर टेकली पाहिजेत. घाईत एक टोक दुसऱ्यावर चढलं तर पट्टीचा ताणच जातो, आणि वरखालच्या पातळ पट्ट्या भिंतीवर दाबल्या जात नाहीत. या दोन पातळ पट्ट्यांच्या फटी मधल्या पट्टीच्या जोडापासून डावी-उजवीकडे किमान २० मिमी हव्यात. वरच्या दोन रिंगांच्या फटी एकमेकांपासून १२० अंशांवर. पिस्टनवर "आयएन" लिहिलेलं असतं ती बाजू इनटेककडे.

हेडला हातच लावलेला नाही. हे तर नेहमीचं आहे. ब्लॉक नवा झाला, गाइड मात्र जुनेच.

आणि चौथं, होनिंगनंतर (दगडाने बोअरची भिंत घासून रेघा पाडल्यावर) ब्लॉक नुसता पेट्रोलने पुसला असेल तर दगडाची कणी भिंतीच्या रेघांत राहते आणि नव्या रिंगा पहिल्या शंभर किमीत घासते. ब्लॉक गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश घेऊन धुवायचा असतो. मग ऑइल लावलेलं पांढरं फडकं आतून फिरवायचं. फडक्यावर करडा डाग येतोय तोवर पुन्हा धुवायचं. डाग यायचा बंद झाला की लगेच ऑइलचा हात द्यायचा, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

पुन्हा उघडाल तेव्हा नवं पॅकिंग आणि गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) नव्या सर्कलिपा, म्हणजे ती पिन जागी धरणाऱ्या कड्या, घ्या. जुन्या सर्कलिपा पुन्हा वापरू नका, सुटली तर नवा ब्लॉक फाडते.

कोकणी_सायलेन्सर

हेडचं काम खरंच केलं नव्हतं, नुसतं लॅपिंग (वॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) करून बसवलं असं म्हणाले. गाइड कसे तपासू?

टॅपेट

वॉल्व्ह सीटवरून साधारण १० मिमी उचला आणि बाजूंना हलवून पाहा. डायल गेज असेल तर मोजा, नसेल तर नव्या वॉल्व्हशी तुलना करा. नव्या जोडीत इनटेकचा खेळ ०.०१ ते ०.०४ मिमी इतका असतो, एक्झॉस्टचा थोडा जास्त. हाताला खटखट जाणवली तर गाइड गेला. झिजलेल्या गाइडवर नुसतं सील बदललं तर पैसे वाया जातात: दांडा डुलत राहतो, सीलची ओठ फाकते, काही महिन्यांत पुन्हा धूर.

गाइड बदलायला हेड ओव्हनमध्ये १०० ते १५० अंशांपर्यंत सगळीकडून सारखं गरम करावं लागतं. गॅसच्या ज्वाळेने एकाच जागी तापवलं तर हेड वाकतं. नवा गाइड बसला की रीमर फिरवून भोक मापाला आणा आणि सीट पुन्हा कापा, कारण नव्या गाइडचा मध्य जुन्या सीटशी जुळत नाही. सील बसवताना दांड्याच्या वरच्या खाचेवर पातळ टेप गुंडाळा, नाहीतर खाचेची धार नव्या सीलला कापते. शेवटी पोर्टमध्ये रॉकेल भरून पाच मिनिटं ठेवा. ज्वलनाच्या बाजूला ओल आली तर लॅपिंग अपुरं आहे.

या आडव्या इंजिनात हेडच्या एका स्टडच्या कडेने ऑइल वर चढतं. तिथला तांब्याचा वॉशर आणि टोपीचा नट काढताना कुठे होता त्याची खूण करून ठेवा. जागा बदलली तर तिथूनच नवी गळती सुरू होते.

लातूर_१००सीसी

सगळ्यांचे आभार. हेड उतरवायचं ठरवलंय. हेड काढलंच आहे तर ब्लॉकही मोजून घ्यावा का? मापं काय धरायची?

लेथ_इचलकरंजी

नक्की घ्या. फक्त हेडच उतरवणार असाल तरी ब्लॉक बहुधा हलतो आणि खालचं पॅकिंग सुटतं, त्यामुळे ते आणूनच ठेवा.

बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर मोजा, प्रत्येक ठिकाणी गजन पिनच्या दिशेने आणि तिच्या काटकोनात. सहा आकडे येतात. वरखाली किंवा आडवा-उभा फरक ०.०५ मिमीच्या पुढे असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकू नका. गोल रिंग लंबगोल बोअरमध्ये कधीच बसत नाही. बोअर गेज नसेल तर रिंगच मोजमाप देते: नवी रिंग पिस्टनने सरळ ढकलून वरच्या झिजलेल्या भागात बसवा, फिलर गेजने फट मोजा, मग तीच रिंग अगदी तळाशी, जिथे झीज होत नाही, तिथे नेऊन मोजा. व्यास ०.१० मिमीने वाढला की फट ०.३१ मिमीने वाढते. फरकाला ३.१४ ने भागा, झीज मिळाली. नव्या ब्लॉकमध्ये फट ०.१५ ते ०.३५ असते, अर्ध्या मिमीच्या वर गेली तर बदलायला झाली.

झीज जास्त असेल तर दोन रस्ते: ०.२५ किंवा ०.५० ओव्हरसाइज पिस्टन घेऊन बोअरिंग, नाहीतर पूर्ण किट. बोअरिंगवाल्याला पिस्टन आधी हातात द्या, बोअर त्या पिस्टनला मोजून कापायला सांगा. पिस्टन स्कर्टच्या तळापासून १० मिमी वर, पिनच्या काटकोनात मोजायचा. होनिंगच्या रेघा एकमेकींना तिरप्या छेदणाऱ्या हव्यात, आरशासारखी भिंत घेऊन घरी येऊ नका. हे सगळं लोखंडी स्लीव्हच्या ब्लॉकला. केटीएम ३९० चा निकासिलचा किंवा आर१५ चा डायासिल ब्लॉक असा कापता येत नाही, तो बदलावाच लागतो.

लातूर_१००सीसी

आणि काम झाल्यावर किती किमी सांभाळून चालवायची? कुणी सांगतं आयडलवर दोन तास ठेवा.

टॅपेट

आयडलवर अजिबात ठेवू नका. रिंगा भिंतीला बसायला त्यांच्यामागे गॅसचा दाब लागतो, आयडलवर तो नसतो. भिंतीच्या रेघांत ऑइल जळून काचेसारखा थर बसतो आणि रिंगा कायमच्या अर्धवट राहतात. पाच मिनिटांत गळती बघा, टॅपेट थंडपणी लावलेले असतील याची खात्री करा आणि रस्त्यावर काढा. पहिले ५०० किमी वेग सतत बदलता ठेवा: मध्यम थ्रॉटल देऊन ५० पर्यंत न्या, सोडा, पुन्हा न्या. पूर्ण थ्रॉटल नको, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटणं नको. साधं मिनरल ऑइल वापरा, ५०० किमीला बदला आणि त्याच वेळी ऑइलची जाळी साफ करा. क्लच कव्हर उघडत असेल तर सेंट्रिफ्युगल फिल्टरमधला गाळही काढा.

पहिले ५०-१०० किमी धूर दिसला तर घाबरू नका, सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं ऑइल जळत असतं. ५०० ला ऑइल बदलल्यावर पुन्हा सिरिंजने मोजायला सुरुवात करा आणि १००० किमीचा आकडा इथे टाका.